रिकाम्या डब्याचं वजन

त्या दुपारी ती जुन्या विमानतळावर गेली ती फक्त वजनं जुळवायला. भावाचा फोन आला होता, "ताई, उन्हं कलायच्या आत येऊन जा. उद्घाटनाआधी एकदा रिकामी तोलून बघू." तिने घरातलं आवरलं, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाली.

विमानतळ कित्येक वर्षं ओस पडला होता. धावपट्टीला भेगा गेल्या होत्या, भेगांतून कमरेएवढं गवत उगवलं होतं आणि टॉवरच्या काचा पोरांनी कधीच फोडून टाकल्या होत्या. विमानं परत येण्याची आशा नव्हती. मग वस्तीतल्या लोकांनीच ठरवलं, इथे बाग करायची. झाडं लावली, बाकं टाकली, झोपाळे बांधले. आणि मधोमध काय? तर एअरशिप. वायूने भरलेला लांबलचक फुगा, पोटाशी माणसं बसायचा डबा आणि शेपटाशी पंखे. तिला धावपट्टी लागत नाही. मोकळं मैदान आणि दोर धरायला चार धट्टीकट्टी माणसं असली की भागतं. वस्तीतल्या कोणीही यावं, बसावं, आपलं घर वरून बघावं, एवढाच हेतू. त्या फिकट हिरव्या धुडाला लोकांनी पहिल्याच दिवशी 'दुधी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं.

दुधी चालवायचा तिचा धाकटा भाऊ. सगळे त्याला कप्तान म्हणत. दोरवाल्यांचा म्होरक्या तिचा नवरा. धंद्याने सुतार, अंगाने असा आडवातिडवा की लोक त्याला डोंगर म्हणूनच हाक मारत. आणि ती स्वतः काटेवाली. एअरशिपला जडही होऊन चालत नाही आणि हलकीही. डबा रिकामा असेल तर माणसांच्या जागी वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, आणि माणूस चढला की त्याच्या भाराची पिशवी उतरवायची. हा हिशेब तिच्याकडे होता. शिवाय दाराशी काही राखीव पिशव्या कायमच्या बांधलेल्या असत. त्यांना हात लावायचा नाही, हा तिचाच नियम. तिच्या जिभेला धार होती. सरावासाठी काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ती सरळ सांगे, "काका, पोट आत घेऊन वजन कमी होत नाही हो."

त्या दुपारी मैदानावर चिटपाखरू नव्हतं. वारा पडलेला. दुधी हँगरसमोर, विमानं ठेवायच्या जुन्या शेडसमोर, दोरांनी बांधून ठेवलेली. बहीणभावांनी मिळून पिशव्या काढायला घेतल्या. थोड्या काढल्या की डबा जमिनीवरून बोटभर उचलला जायला हवा. नाही उचलला. अजून काढल्या. डबा तसाच गवतात रुतलेला. राखीव सोडून सगळ्या पिशव्या बाहेर आल्या, तरी दुधी ढिम्म.

"वायू गळतोय," ती म्हणाली.

"सकाळीच तपासलाय. टम्म आहे. वाजवून बघ हवं तर."

"मग आत कोण तुझी सासुरवाडी बसलीय का?"

तो हसला. ती डब्यात चढली, कुठे काही अवजार, एखादं यंत्राचं धूड राहिलंय का बघायला. पायरीवर पाय ठेवताच ती थबकली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि डब्याच्या खिडक्या आतून धुरकटलेल्या होत्या. थंडीच्या दिवसांत गाडीत खूप माणसं दाटीवाटीने बसली की काचेवर वाफ धरते, तशी. आणि वास... बंद पेटीतल्या ओल्या लोकरीचा, खूप वेळ एका जागी उभ्या राहिलेल्या गर्दीच्या घामाचा, आणि त्याखाली कुठेतरी जळक्या तेलाचा. तिने दारालगतच्या आसनावर हात टेकला. गादी कोमट होती. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

नाही. उठून गेल्यासारखी नाही. तिचा तळवा टेकला तशी खाली दबलेली गादी हळूहळू वर आली आणि शेजारची खाली गेली. कोणीतरी जरा सरकून तिला जागा दिली होती.

ती ओरडली नाही. पायरी उतरून गवतात आली आणि भावाला म्हणाली, "बांधून टाक. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि नंतरही तेच. दुधी रिकामी असली तरी भरलेली असे.

हँगरच्या सावलीत एक म्हातारा हमाल बसलेला असायचा. विमानतळ चालू होता तेव्हा त्याने इथेच सामान वाहिलं होतं. आता बागेत त्याला कोणी कामाला ठेवलं नव्हतं आणि कोणी हाकललंही नव्हतं. ती त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली.

"हमालबाबा, शेवटचं विमान गेलं तेव्हा तुम्ही इथे होता ना?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलंच नाही. दुधीकडे बघत म्हणाला, "होतो."

ती गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि कोणी काढत नव्हतं. लढाईचे शेवटचे दिवस, शत्रू वेशीपाशी आलेला. शेवटचं विमान मोठ्या लोकांनी आणि त्यांच्या पेट्यांनी भरलं. बाकीचे मैदानावर, बोचकी घेऊन उभे.

"काहीजण चाकांना लोंबकळले," म्हातारा म्हणाला. "विमान वर जाईपर्यंत... दिसत होते. मग नाही दिसले. उरलेले इथेच उभे राहिले, माना वर करून. संध्याकाळी शत्रूचे शिपाई आले तरी कोणी पळालं नाही. वरच बघत होते सगळे."

ती म्हणाली, "बिचारे. त्यांना फक्त जायचं होतं."

"जायचं होतं..." म्हातारा म्हणाला, "तेव्हा."

त्या शेवटच्या शब्दाकडे तिने लक्ष दिलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती सरकलेली गादी होती. इतकं होऊनही कोणीतरी तिला बसायला जागा दिली होती.

घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वेड्यात काढेल असं तिला वाटलं होतं. तो रंधा पुसत बसला होता. पुसायचा थांबला.

"दोर ओढताना मलाही वाटतं," तो म्हणाला. "माझ्या पुढे अजून कोणाचे तरी हात आहेत असं. गार. मी कोणाला बोललो नाही. म्हटलं, हसाल."

"अहो, मग उद्घाटन रद्द करायला सांगू का?"

"तुला काय वाटतं?"

ती मग म्हणाली, "मला वाटतं, त्यांना एकदा नेऊन आणावं. एक फेरी. आयुष्यभर... म्हणजे मेल्यावरही ज्याची वाट बघितली ते एकदा मिळालं की सुटतील. आपल्याला काय, चार पिशव्या जास्त काढाव्या लागतील."

डोंगराने मान हलवली. "तोलायचं तुला कळतं. तू म्हणशील तसं."

उद्घाटन दुपार कलताना होतं. मैदान माणसांनी फुललेलं, झोपाळ्यांवर पोरांची झुंबड. बागेच्या समितीच्या अध्यक्षबाईंनी भाषण केलं. ओसाड जागेचं सोनं कसं झालं, आता इथून कोणी दुःखाने जाणार नाही, वगैरे. त्या लढाईचा उल्लेख नव्हता. मग पहिल्या फेरीची माणसं काट्यापाशी आली. अध्यक्षबाई, दवाखान्यातली नर्स, शाळेतले निवृत्त मास्तर, त्यांची बायको, आणखी काहीजण. नर्स आत गेली आणि लगेच दारातून डोकावली. "बसायच्या जागा गरम आहेत हो. हीटर लावलाय की काय?"

"उन्हाने," काटेवाली म्हणाली.

सगळे चढले. नेहमीच्या पिशव्या तर आधीच बाहेर होत्या. दुधी जमिनीत रुतल्यासारखी बसली. कप्तान खिडकीतून वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, उठणार नाही ही. सगळ्यांना उतरवतो, सांगतो बिघाड आहे."

आतून अध्यक्षबाईंचा आवाज आला, "काय खोळंबा आहे? लोक बघताहेत!"

काटेवालीने दाराशी बांधलेल्या राखीव पिशव्यांकडे बघितलं.

"राखीव काढते," ती म्हणाली.

"राखीव? अगं, तूच म्हणतेस त्यांना हात लावायचा नाही..."

"आज लावते. भार आहे ना आत? मग तोल बरोबर आहे. दिसत नाही म्हणून भार खोटा ठरत नाही."

भावाने तिच्याकडे बघितलं. लहानपणापासून त्याने तिचं ऐकलं होतं. तो आत वळला.

तिने स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या. एकेक पिशवी गवतात टाकली. शेवटची टाकताना दारातून आत वाकून, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने पुटपुटली, "बसा हं सगळे नीट. घाबरू नका. फिरवून आणतात." आणि दुधी उचलली गेली. अलगद, डुलत, कमरेएवढी वर. दोरवाल्यांनी दोर हातात घेतले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. डोंगराने मनगटाला दोराचा वेढा दिला आणि बायकोकडे बघून हसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांनी कोणाचं तरी काहीतरी भलं होत होतं आणि ते तिच्या हातून होत होतं.

मग गवत दबलं.

दाराच्या खाली, आधी एका ठिकाणी. कोणी उडी मारून उतरावं तसं. मग त्याच्या बाजूला. मग भराभर, भराभर, चहूकडे. वारा नव्हता. उभं गवत जागोजागी पावलापावलाने आडवं होत होतं. टाळ्यांच्या आवाजाखालून तिला दुसरा आवाज ऐकू आला, खूप माणसांनी एकमेकांना गप्प करावं तसा. *शू... शू...*

ते उतरत होते. त्यांना जायचंच नव्हतं.

"धरा!" ती किंचाळली. "दोर धरा! हलकी झाली! अहो, धरा!"

तिने धरायला सांगितलं, सोडायला नाही. हे तिला नंतर रोज आठवायचं होतं.

भार एका दमात गेला आणि दुधी बाणासारखी वर सुटली. दोर हातांतून सळसळत निघाले. दोरवाल्यांच्या तळव्यांची सालं निघाली, एकेक जण गवतात कोसळला. एकानेच दोर सोडला नाही. मनगटाला वेढा होता म्हणून सोडता आला नाही, की बायको धरा म्हणाली म्हणून सोडला नाही, हे कोण सांगणार? बघता बघता डोंगर घराएवढा वर गेला, मग झाडाएवढा, मग टॉवरच्याही वर. एवढा मोठा माणूस, आणि खालून लोंबत्या चिंधीसारखा दिसत होता.

गर्दीत एकच कल्लोळ उठला. ती दुधीच्या सावलीमागे धावत सुटली. धावताना तिला दिसलं, मैदानाच्या त्या दबलेल्या गवतावर कोणीही नव्हतं आणि तरी गवत वर येत नव्हतं. ते उभे होते. बघत होते. माना वर करून.

कप्तानाने वायू सोडायची दोरी ओढली असावी. दुधी थांबली. मग अगदी सावकाश खाली यायला लागली. आतून कोणीतरी दोर वर खेचत होतं. डोंगर हात हात वर सरकत होता, दाराकडे. पोचला. त्याचा एक हात चौकटीवर पडला. आतून भावाने अर्धं अंग बाहेर काढून त्याचं दुसरं मनगट पकडलं. खाली कोणीतरी ओरडलंसुद्धा, "वाचला! वाचला!"

आणि डब्याचं दार लागलं.

तो आवाज तिने ऐकला. धाडकन, आणि मग कडीचा. इतक्या उंचावरचा तो आवाज खाली ऐकू यायला नको होता.

डोंगर पडला तो तिच्यापासून फार लांब नाही. गवत त्या जागी आधीच दबलेलं होतं. कडं करून उभ्या राहिलेल्या माणसांनी मध्ये जागा मोकळी सोडावी, तसं.

दुधी हळूहळू उतरली. आतलं कोणी दगावलं नाही. कप्तानाचा उजवा हात कोपराखाली मोडला होता. दार त्याच हातावर लागलं होतं.

चौकशी झाली. बाहेरून एक साहेब आले. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं बोलावलं. दार कोणी लावलं, एवढंच त्यांना हवं होतं. घाबरलेल्या माणसाने लावलं असेल तर तेही समजण्यासारखं होतं. एक माणूस आत चढताना दुधी कलली असती, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण लावलं कोणी? शेवटी साहेबांनी काटेवालीला समोर बसवलं. त्यांनी पेन हातात घेतलं.

"बाई, दुधी उडाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"खाली. मैदानात."

"नक्की?"

"साहेब, मी खाली धावत होते. सगळ्या गावाने बघितलं."

"गाव वर बघत होतं," साहेब म्हणाले. मग त्यांनी नजर खाली घातली. "डब्यातली सगळी माणसं एकच सांगताहेत. दाराजवळ तुम्ही बसला होता. दार तुम्ही लावलंत."

अशा गोष्टीचा निकाल काय लागणार? प्रवाशांच्या डोक्यावर परिणाम झाला होता, दार वाऱ्याने लागलं, असं ठरलं. वारा नव्हता हे कोणी विचारलं नाही. दोरवाल्यांना हातमोजे मिळाले. काट्यावर दुसरी बाई आली. थोड्याच दिवसांत दुधी पुन्हा उडायला लागली आणि आता ती कशी पिसासारखी उचलली जायची! रिकाम्या डब्याला रिकाम्या डब्याचंच वजन. त्यांचं काम झालं होतं. रविवारी बागेत पाय ठेवायला जागा नसायची. अध्यक्षबाईंनी एका बाकावर डोंगराचं नाव घालायचं ठरवलं, आणि बाक त्यानेच केलेला होता म्हणून सुताराचा खर्च वाचला असंही त्या बोलून गेल्या.

काटेवालीला त्यातलं काही लागलं नाही. लागलं ते एकच. भाऊ बोलेना. दवाखान्यात गेली तर भिंतीकडे तोंड करून पडे. घरी फोन केला तर भावजय म्हणे, "झोपलेत." कधी म्हणे, "अंघोळीला गेलेत." शेवटी एका सकाळी ती तडक त्याच्या घरी गेली. भावजयीने दार उघडलं, काही न बोलता आत घेतलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तो खिडकीशी बसला होता. हाताला प्लास्टर. डोळे खोल गेलेले. ती समोरच्या खुर्चीवर बसली.

"तुलाही तसंच वाटतं?" तिने विचारलं. "मी त्यांना मारलं असं?"

त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"बोल ना रे. काहीतरी बोल. शिव्या दे."

"मी दाजींना धरलं होतं," तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "पक्कं धरलं होतं. आत घेतलंच होतं जवळजवळ. मागून दार आलं. मी वळून बघितलं... ताई, तूच होतीस. डोक्याला तोच रुमाल. मी ओरडलो, ताई, दाजी आहेत, दाजी! तू माझ्याकडे बघितलंही नाहीस."

"मी खाली होते रे. आईची शपथ, मी खाली होते. मी कशी वर असेन? तूच विचार कर ना... मी पिशव्या काढल्या, मी खाली राहिले. मी चढलेच नाही."

"तेच मीही स्वतःला सांगतो. रोज सांगतो." त्याने डोळे मिटले. "सगळं पटतं मग. वाटतं, नव्हतीसच तू. भास होता. सगळ्यांना एकदम झाला. होऊ शकतं. डॉक्टरही म्हणाले होऊ शकतं."

ती त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवायला पुढे झाली. त्याने हात मागे घेतला नाही. तिला रडूच फुटलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

"एकच राहून गेलं," तो मग म्हणाला, अगदी सहज, थकलेल्या माणसाच्या आवाजात. "दार लागायच्या आधी दाजी तुझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ओठ हलले. पंख्यांच्या आवाजात मला नाही ऐकू आलं. तेच डोक्यात फिरत राहतं. काय म्हणाले असतील?"

तिने रुमालाने डोळे पुसले.

"'अगं, मी आहे,'" ती म्हणाली. "असं म्हणाले."